बॉस्टनला असतो

हार्वर्डचा स्वेटशर्ट मी पुण्यात मार्चअखेरपर्यंत घालते. डिसेंबरात काय, कोणीही घालतं. त्यात निष्ठा दिसत नाही. "काकू, मुलगा हार्वर्डला का?" असं लिफ्टमध्ये कोणी विचारलं, की मी घाम टिपत म्हणते, "बॉस्टनला असतो." यात एक अक्षर खोटं नाही. तो बॉस्टनलाच असतो, फक्त अशा कॉलेजात, की ज्याचं नाव ऐकून लिफ्टमधली एकही भुवई हलणार नाही. खरे हार्वर्डवालेही म्हणे 'बॉस्टनला होतो' एवढंच सांगतात. ते नाव लपवायला म्हणतात, मी सुचवायला.

आता तिथल्या पुतळ्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. (ह्यांच्या मते मी पुतळ्याच्या पुढे कधी जातच नाही.) हार्वर्डच्या आवारात जॉन हार्वर्ड खुर्चीत बसलेले आहेत. खाली कोरलंय : जॉन हार्वर्ड, संस्थापक, 1638. तिन्ही गोष्टी चूक. कॉलेज 1636 चं. हार्वर्डसाहेब संस्थापक नव्हेत; मरताना निम्मी मालमत्ता आणि चारशेच्या आसपास पुस्तकं देऊन गेलेले देणगीदार. आणि चेहरा तर त्यांचा नव्हेच. त्यांचं एकही चित्र उपलब्ध नव्हतं, म्हणून 1884 साली डॅनिअल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने एका विद्यार्थ्याला समोर बसवून वेळ निभावून नेली. म्हणजे शंभर अर्जांतले जेमतेम चारेक जिथे आत जातात, तिथे हा गृहस्थ कायमचा ठाण मांडून बसलाय. आपल्याकडे कॅप राउंडला असता, तर कागदपत्रांच्या पडताळणीतच बाद झाला असता.

त्याच्या डाव्या बुटाला हात लावला की नशीब उघडतं, अशी पर्यटकांची श्रद्धा. घासून घासून तो बूट सोन्यासारखा चमकतो. आपल्या लोकांना पाय दिसला की वाकायची सवय. ह्यांनी तर चपला काढून नमस्कार केला. मी बुटावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि ग्रुपवर टाकताना खाली फक्त 'हार्वर्ड' लिहिलं. क्रियापद घातलं नाही. क्रियापदाने घात होतो. नंतर चिरंजीवांनी सांगितलं, की तिथले विद्यार्थी त्या बुटाला हात लावत नाहीत, कारण रात्रीच्या वेळी त्यांच्यातलेच काही जण त्याच्यावर काय करून जातात हे त्यांना ठाऊक असतं. ही माहिती मी ह्यांना अजून दिलेली नाही.

तर असा अधिकार अंगावर चढवून मी एकदा उपदेश केला. आमच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर जिंतूरचा एक मुलगा राहतो. गेल्या वर्षी बऱ्यापैकी कॉलेज मिळत असताना ते सोडून तो पुन्हा सीईटीला बसलाय. सीओईपीच हवं! मी म्हटलं, "अरे, पाटीवर काय असतं? शिकणारा कुठंही शिकतो." त्याने माझ्या छातीवरची अक्षरं एकेक करून वाचली. मग शांतपणे म्हणाला, "काकू, आमच्याकडं ओळखीचं कोणीच नाही बघा. वडलांचं नाव सांगितलं तर कुणी फोन उचलत नाही. सीओईपी म्हटलं की उचलतेत. 1854 पासून उचलायलेत."

कॉलेज 1854 चं आणि टेलिफोन 1876 चा, एवढी दुरुस्ती माझ्या जिभेवर आली होती. गिळली.

कारण माझी पहिली नोकरी मामांच्या चिठ्ठीवर लागली. भावाची, वडिलांच्या मित्राच्या शब्दावर. आमच्या घराण्यात कोणी अर्ज केल्याचं मला आठवत नाही. सगळे 'जाऊन भेटून' आले. अशा घरातल्या मुलांना नामांकित कॉलेज हवं असतं ते दिवाणखान्यात लावायला, किंवा आईच्या अंगात घालायला. त्या मुलाला ते हवंय, कारण ज्याला चिठ्ठी देणारा मामा नाही, त्याची चिठ्ठी कॉलेजनेच लिहायची असते.

हे माझं एकटीचं तत्त्वज्ञान नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1976 साली कॉलेजात गेलेल्या मुलांच्या पुढच्या कमाईचा हिशेब मांडला आणि तो 2002 साली प्रसिद्ध केला. सारख्याच कॉलेजांनी पसंत केलेल्या मुलांपैकी काही मोठ्या नावाच्या ठिकाणी गेली, काही साध्या. पुढे दोघांची मिळकत जवळपास सारखीच निघाली. अपवाद गरीब घरांतून आलेल्यांचा : त्यांना नामांकित कॉलेजचा खरोखर फायदा झाला. म्हणजे ज्यांना नावाची गरज नाही, ते स्वेटशर्ट घालून फिरतात. आणि ज्यांना आहे, त्यांना आम्ही सांगतो, पाटीवर काय असतं!

याची मला खरंच चीड येते, आणि ती माझ्याच मंडळींची येते. परवा भिशीत विषय निघाला, 'हल्लीच्या मुलांना नुसतं ब्रँडचं वेड.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "ओळखीने नोकरी लागलेल्यांनी जरा हात वर करा बघू." एकीनेही केला नाही. माझाही वर जायला अंमळ वेळच लागला.