घरच्या घरी निर्वात मडगार्ड

स्कूटरचं मडगार्ड दुकानात तयार मिळतं. भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये फायबरवाला मॅटवर ब्रशने रेझिन थापून, बोलता बोलता करूनही देतो. हे दोन्ही मार्ग आपले नव्हेत. ज्याला रविवार मोकळा आहे, ज्याने रात्री जागून पुरेसे व्हिडिओ पाहिले आहेत आणि ज्याच्या स्कूटरचं मूळ मडगार्ड अगदी धडधाकट आहे, अशा होतकरू माणसासाठी ही मार्गदर्शिका आहे.

तत्त्व सोपं. कार्बन फायबरचं कोरडं कापड साच्यात अंथरायचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी चिकटवायची, पंपाने आतली हवा ओढायची आणि मग नळी उघडून रेझिन आत सोडायचं. बाहेरची हवा दाबते, रेझिन धाग्याधाग्यात शिरतं. पवनचक्क्यांची लांबलचक पाती हल्ली अशीच बनवतात. त्यांच्या कारखान्यात दोरीवर टॉवेल वाळत नसतात, एवढाच काय तो फरक.

१. साचा करा. एका मडगार्डासाठी आधी जुनं मडगार्ड आरशासारखं घासायचं, मग त्यावरून साचा काढायचा, मग साच्यातून नवं मडगार्ड. साच्याला मेणाचे पाच-सहा हात द्या, प्रत्येक हात पुसून. कंटाळा आला तर दोनच द्या. मग साचा आणि मडगार्ड यांची सात जन्मांची गाठ पडते. छिन्नीने ती सोडवायला जाऊ नका. दोघांनाही माळ्यावर सुखाने नांदू द्या.

२. खरेदी करा. कापड, रेझिन, हार्डनर, सोलून काढायचं नायलॉनचं कापड, रेझिन पसरवणारी जाळी, स्पायरल नळी, पिशवी, च्युइंगगमसारखी चिकटपट्टी. यातलं पहिलं त्रिकूट मडगार्डात जातं, बाकी सगळं एकदाच वापरून कडक होतं आणि कचऱ्यात जातं. ते ओल्या कचऱ्यात टाकायचं की सुक्या, हे सकाळी येणाऱ्या ताईंना विचारा आणि त्या जे बोलतील ते मुकाट ऐकून घ्या. घरी खर्च सांगताना फक्त चिकटपट्टीचा सांगा.

३. पंप आणि कुकर. पंप एसी दुरुस्तीवाले वापरतात तो चालेल. तो तेलाची वाफ सोडतो, तेव्हा बाल्कनीत ठेवा. वरच्या मजल्यावरचे लोक लवकरच ओळखीचे होतील. पंप आणि पिशवी यांच्या मध्ये हवाबंद भांडं हवंच, नाहीतर जादा रेझिन थेट पंपात शिरतं आणि पंपाचा दगड होतो. इथे कुकर कामाला येतो. मात्र आतून बसणाऱ्या झाकणाचा नको: तो आतल्या वाफेने घट्ट होतो, आतली हवा ओढली की झाकण सुटून खाली येतं. बाहेरून बसणाऱ्या झाकणाचाच घ्या. असा कुकर घरात एकच असतो, आणि तो आईचा असतो.

४. गळती शोधा. हा एका पायरीचा विषय नाही, हा पुढचा महिना आहे.

पंप लावला की पिशवी चर्रकन् आवळते, साच्याला बिलगते आणि आपण जग जिंकल्यासारखे हसतो. हसून घ्या. आता गेजकडे बघा. व्हिडिओत काटा ७६० मिलिमीटरला टेकतो, तुमचा ७१०च्या आसपास अडकलाय. अनेक पुणेकर नवशिके इथे तीन-तीन दिवस भोक शोधत बसतात. भोक नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे हवेचा दाबच तेवढा. दादरला राहणाऱ्या मेहुण्याच्या गेजवर जास्त आकडा येईल. ते त्याचं कर्तृत्व नाही, हे त्याला वेळीच सांगा.

खरी परीक्षा पुढे. नळीला चिमटा लावा, पंप बंद करा आणि अर्धा तास काट्याकडे बघत बसा. काटा घसरला तर गळती आहे. काटा घसरतो. पट्टीचे कोपरे दाबा, पिशवीच्या चुण्या दाबा, कान लावून सरपटत फिरा. महागडी यंत्रं गळतीची सूक्ष्म शीळ टिपतात. तुम्ही ती घेऊ नका. रात्री साडेअकराला आई पाणी प्यायला उठेल आणि दारातूनच म्हणेल, “अरे, तिकडं डावीकडं फुसफुसतंय बघ.” पन्नास वर्षं कुकरची रिंग आणि सिलिंडरचा रेग्युलेटर ऐकलेला कान आहे तो. भोक तिथेच सापडेल. ती पुढे “आणि माझा कुकर कुठाय?” असं विचारेल. त्या वेळी पंप सुरू करा, काही ऐकू येत नाही.

५. रेझिन कालवा. शंभर ग्रॅमला तीस ग्रॅम हार्डनर असं डब्यावर लिहिलं असेल तर तीसच. लवकर सुकावं म्हणून चमचाभर जास्त घालणं ही फोडणी नाही. इपॉक्सी त्याने लवकर सुकत नाही, कायमचं मऊ राहतं. एका मगात भरपूर कालवून फोनवर बोलू नका, मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि मगाचा आकार घेऊन जन्मभर तसंच राहतं. भर पावसाळ्यात हे करत असाल तर पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो. कोविडमधला उरलेला मास्क रेझिनचा वास आणि वाफ अडवत नाही, फक्त तुम्ही डॉक्टरसारखे दिसता.

६. नळी उघडा. पहिली वीतभर रेझिन असं धावतं की घरच्यांना हाक मारावीशी वाटते. मारू नका. दिजाँ शहराला पाणी पुरवणाऱ्या आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूतून पाणी कसं झिरपतं याचा नियम मांडला, तोच इथे लागू आहे: दुप्पट अंतराला चौपट वेळ. घरचे येतील तेव्हा रेझिन विचार करत थांबलेलं असेल. शिवाय त्याचा स्वभाव इथल्या दुचाकीवाल्यांचा. कडेला जरा फट दिसली की फुटपाथवरून पुढे, आणि मधला चौक कोरडाच. त्या कोरड्या ठिपक्याकडे प्रेमाने बघा, तो आता मडगार्डाचाच भाग आहे.

याच सुमारास लाइट जाते. दोन्ही नळ्यांना चिमटे लावा आणि चौथी पायरी मनापासून केली होती का, ते आठवा.

७. दुसऱ्या दिवशी साचा उघडा, कडा घासा. ती भुकटी आठवडाभर खाजेल. स्कूटरला मडगार्ड लावून बघा: भोकं बोटभर चुकली असतील. मग तराजूवर ठेवा. जुन्यापेक्षा खरंच हलकं भरेल, आणि हा आकडा पाहुण्यांना सांगण्याइतका चांगला असतो.

८. कुकरच्या तळाशी जमलेलं रेझिन निघत नाही. गरम पाण्याने नाही, चिंचेने नाही, छिन्नीनेही नाही. नवा आणायला आईला मागे बसवून स्कूटरवरून जा. जुनं मडगार्ड परत लावायला विसरू नका, रस्त्यात चिखल आहे.