खानदानी सायकलचोरी

आमच्या घराण्यात आजवर दोनच सायकली चोरीला गेल्या, आणि दोन्ही परदेशात. एक सोलापुरात, दुसरी नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला.

सोलापूर परदेश कधीपासून, असं पुण्यामुंबईचे लोक विचारतात. त्यांना सांगावं लागतं की बाबांनो, 15 ऑगस्ट 1947 ला तुम्ही पेढे वाटत होतात तेव्हा आमचं उमरगा निजामाच्या राज्यात होतं आणि पुढचे तेरा महिने तिथंच राहिलं. सोलापूर मात्र स्वतंत्र भारतात. ज्वारी तीच, शेंगाचटणी तीच, सोयरेधायरेही तेच. पण मध्ये करोडगिरीचा नाका. आमच्या खिशात हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया. सात हाली मोजा, सहा कलदार घ्या. आजचा युरोचा भाव बघितला की निजाम फार वाईट नव्हता असं वाटून जातं. पैशापुरतं.

रझाकारांच्या धास्तीनं त्या वर्षी आमच्या आजोबांनी घरची बायकापोरं सोलापूरला मावसभावाकडे नेऊन ठेवली होती. स्वतः शेतापायी मागे राहिले आणि अधूनमधून सायकलवर जाऊन सगळ्यांना बघून येत. सायकल रॅले कंपनीची, जन्म नॉटिंगहॅमचा. काळी, उंच, पूर्ण चेनकव्हरची. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग, अणदूर, बोरामणी असा दिवसभराचा रस्ता. अशाच एका फेरीत ते चाटी गल्लीत धोतरजोडी घ्यायला दुकानात शिरले आणि बाहेर आले तेव्हा सायकल नव्हती. कुलूप लावलेलं होतं. चोरानं ते सायकलीसकट नेलं.

चौकीत हवालदारानं विचारलं, "राहणार कुठले?" उमरगा म्हटल्यावर त्यानं टाक खाली ठेवला. "म्हणजे निजामाचे. मग तक्रार तिकडंच द्या."

तिकडची तऱ्हा आणखी निराळी. परतताना नाक्यावरच्या कारकुनानं वही उघडली. जाताना एक सायकल नोंदलेली, येताना सायकल नाही. म्हणजे परमुलखात विकली! विकली तर महसूल कुठाय? आजोबांची शाळा उर्दूतून झालेली, म्हणून त्यांनी तिथंच बसून झोकदार उर्दूत अर्ज लिहिला. माल-ए-मसरूका म्हणजे चोरीचा माल कसा गेला, त्याचं साद्यंत वर्णन. कारकुनानं दोनदा वाचला, हस्ताक्षराची तारीफ केली आणि दंड घेतला.

13 सप्टेंबर 1948 ला भल्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून निघाली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल तिनं शाबूत ताब्यात घेतला आणि दुपारी सव्वातीनच्या सुमाराला ती उमरग्यात होती. गोळीबार थांबल्यावर लोक रस्त्याला आले. ते रणगाडे बघत होते आणि आजोबा मागच्या गाड्यांवर लादलेलं सामान. ज्या रस्त्यानं सायकल गेली त्याच रस्त्यानं एवढा लवाजमा आला, मग सायकलच तेवढी का आली नाही, ही त्यांची भारत सरकारकडे पहिली तक्रार. 17 तारखेला निजाम शरण आला, मराठवाडा मुक्त झाला, यथावकाश हाली शिक्काही गेला. सोलापूर स्वदेश झालं. आजोबांनी मात्र ही गोष्ट मनापासून कधी मान्य केली नाही. सोलापूरला गेले की पंढरपूरला निघालेल्या माणसासारखे मान खाली घालून चालायचे; मान खाली अशासाठी, की उभ्या केलेल्या प्रत्येक काळ्या सायकलीच्या चेनकव्हरवर आपल्या सायकलीचा पोचा आहे का ते तपासता यावं. माझ्या आत्याला सोलापूरचं स्थळ आलं तेव्हा पत्रिका, हुंडा, शेतीवाडी सगळं बाजूला ठेवून त्यांनी मुलाच्या बापाला विचारलं होतं, "तुमच्याकडं सायकल कुठल्या सालची?" स्थळ मोडलं.

हा वारसा घेऊन मी मुलीकडे उत्रेख्तला गेलो. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला परदेशात काम नसतं. नातवंडांचं पाळणाघर, जावईबापूंचं ऑफिस, मुलीचं ऑफिस, सगळं सायकलीवर. घरात मीच एक पायी. स्टेशनाखाली तीन मजली सायकलतळ आहे, साडेबारा हजार सायकली मावतात, जगातला सर्वांत मोठा, आणि पहिले चोवीस तास फुकट! माणूस सायकलवर बसूनच आत शिरतो, वळणं घेत वरच्या मजल्यावर जातो आणि कुठला खण रिकामा आहे हे पाटीवर दिव्यांनी दाखवतात. आमच्या बसस्टँडवर एस.टी. कुठल्या फलाटाला लागणार हे ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक नसतं. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त, हे मी पुस्तकात वाचलं होतं; तिथं उभा राहिल्यावर पटलं.

एका शनिवारी जुन्या सामानाच्या बाजारात मला ती दिसली. हिरवी, गझेल कंपनीची. वायरचे नव्हे, सळईचे ब्रेक. पूर्ण चेनकव्हर. रुंद चामड्याचं सीट, खाली स्प्रिंगा. मागं पोतं बसेल असं कॅरिअर. मी जागीच थबकलो, कारण हिरवा रंग सोडला तर ही आजोबांची रॅलेच होती. यात चमत्कार काही नाही. ताठ बसून चालवायची ती इंग्रजी सायकल एका बाजूला हॉलंडला गेली, दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानात आली. दोन्हीकडे टिकली आणि माहेरी तिला आता कुणी विचारत नाही. मुलगी म्हणाली, "अण्णा, ही वीस किलोच्या वर असेल." म्हटलं, असू दे. आपल्याकडं दुधाच्या घागरींसकट चालवतात.

मग मी तिला माणसात आणली. मुठींना गोंडे लावले, नातीच्या मफलरच्या लोकरीचे. मडगार्डला पोरांच्या गमबुटाच्या रबराची झुलणारी पट्टी बसवली. तुळजापूरहून आणलेलं 'आई तुळजाभवानी प्रसन्न' हे स्टिकर पुढच्या दिव्याखाली डकवलं. आणि चेनकव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटनं, आमच्याकडचे पेंटर काढतात तशा सावली दिलेल्या अक्षरांत, स्वतः लिहिलं: 'उमरगा'. तास गेला. 'र'च्या पोटातली सावली साधायला ब्रश अगदी बारीक लागतो, तो नव्हता, म्हणून काडेपेटीची काडी चावून वापरली. कालव्याच्या कडेनं मी निघालो की तिथली माणसं बघायची. सौभाग्यवती म्हणायची, "या वयात वरात काढलीय स्वतःची."

ती सायकल किराणा दुकानाच्या बाहेरून गेली. चाकाला कड्याचं कुलूप आणि लोखंडी कठड्याला साखळी, अशी दुहेरी बंदिस्ती होती. इथं पद्धतच तशी. बाहेर आलो तर कठडा होता, साखळी होती, साखळीला साखळीचं कुलूपही लावलेलं होतं. कापलेली कडी इतकी स्वच्छ, की चोराला कामाची चाड नव्हती असं म्हणता येणार नाही.

तक्रार ऑनलाइन. फ्रेमचा नंबर, रंग, बनावट, विशेष खुणा. शेवटच्या रकान्यात मुलीनं गोंडे, रबरी पट्टी, देवी आणि गाव असं सगळं भरलं, आणि तो रकानाच संपला. पोच लगेच आली, अत्यंत सभ्य भाषेत, क्रमांकासह. आजोबांना चौकीतून हाकलून दिलं होतं, मला तसं काही झालं नाही. पण दोघांच्या हाती आलेला माल तोलला तर काटा सरळच राहील.

खरी गंमत अशी, की या सायकलवेड्या देशात सायकल गेल्याचं दुःख कुणाला म्हणून होत नाही. मुलीच्या ऑफिसातले म्हणाले, "अच्छा, पहिलीच का?" पुढं दिलासा म्हणून सांगतात, अॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून दर वर्षी बारा ते पंधरा हजार सायकली काढतात, त्यासाठी पंजा लावलेली बोटच आहे. मी विचारात पडलो. उमरग्यात असला उद्योग करायचा तर आधी पाणी पाहिजे. 1965 साली त्याच अॅमस्टरडॅमात लूड स्खिमेलपेनिंक नावाच्या माणसानं आणि त्याच्या प्रोव्हो चळवळीतल्या मंडळींनी पांढऱ्या रंगाच्या सायकली बिनकुलपाच्या रस्त्यावर ठेवायची टूम काढली: ज्याला लागेल त्यानं घ्यावी, पोचल्यावर सोडावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण? सायकलला कुलूप लावणं कायद्यानं सक्तीचं होतं! आमच्या गल्लीत ही योजना वडिलांच्या सायकलीवर आयुष्यभर चालली, कुणी रंगसुद्धा दिला नाही. सकाळी दारात नसली की आई म्हणायची, नेली असंल कुणीतरी. संध्याकाळी यायची. कधी हवा भरून, कधी कॅरिअरला मेथीची जुडी अडकवून.

शेजारचे नव्वदीचे डच आजोबा मात्र ऐकून गंभीर झाले. मला घरात बसवून कॉफी दिली, बरोबर एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. लढाईच्या शेवटी शेवटी जर्मन शिपायांनी लोकांच्या सायकली ओढून नेल्या, त्यांच्या आईची त्यातच गेली. ते सांगताना काल घडल्यासारखं बोटानं दार दाखवत होते. 1988 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत हॅम्बर्गला हॉलंडनं पश्चिम जर्मनीला उपांत्य सामन्यात 2-1 हरवलं, तेव्हा डच प्रेक्षकांनी फलक धरला होता म्हणे: आजी, तुझी सायकल सापडली! लढाई संपून त्रेचाळीस वर्षं झाली होती. मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मी त्यांना चाटी गल्लीची हकिगत सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकून एकच प्रश्न विचारला, "सोलापूरशी तुमचा सामना कधी असतो?"

तोवर बातमी व्हॉट्सअॅपवरून उमरग्यात पोचली होती आणि तपास तिकडून सुरू झाला होता. पहिला फोन आमच्या मित्राचा, टपालखात्यातून निवृत्त, म्हणून सगळे पोस्टमास्तर म्हणतात.

"गुरुजी, तुमची सायकल गेली म्हणं?"

"गेली."

"कुणावर संशय?"

"अहो, मी इथं कुणाला ओळखतच नाही."

"तिथंच चुकायलंय बघा त्यांचं. वळखच नाही तर चोरी व्हणारच. इथं तुमची सायकल नेऊन कोण कुठं जाणार हाय? चौकात पोचूस्तोवर चार जण इचारतेत, गुरुजींची सायकल तू का चालवायलास? बरं, तिथून बॉर्डर किती लांब?"

मुलीला विचारलं. गाडीनं तासाभरात जर्मनी, आणि हद्दीवर तेव्हा नाका नव्हता, तपासणी नव्हती, काही नव्हतं.

पलीकडे क्षणभर शांतता. आमच्या तालुक्याला लागूनच कर्नाटक. हरवलेलं कुठलंही वाहन, शेळी किंवा बैल आधी हद्दीपलीकडं गेला असं धरूनच आम्ही शोधाला लागतो.

"मग गेली जर्मनीत," पोस्टमास्तर ठामपणे म्हणाले. "बाजार बघा तिकडचा."

हा निष्कर्ष मी शेजारच्या आजोबांना कळवला. त्यांनी टाळी वाजवून माझा हात हातात घेतला आणि आणखी एक बिस्किट दिलं.

पुढं आम्ही भारतात परतलो. मुलीनं त्या तक्रारीची चौकशी दोनतीनदा केली, मग तीही कंटाळली. उमरग्यात मात्र फाइल बंद झालेली नाही. परवा दुपारी पोस्टमास्तर पाहुण्यांकडं आळंदला गेले होते, तिथून फोटो आला. बाजारात भिंतीला टेकवलेली एक हिरवी सायकल, चेनकव्हर अर्धं, सीटवर पिशवी चढवलेली. खाली लिहिलेलं: "नीट बघा गुरुजी. रंग तोच हाय."

मी कळवलं, नाही हो, ही नव्हे, गाव लिहिलेलं नाही.

लगेच उत्तर: "खोडलं असंल. मालक सातशे म्हणायलाय, कन्नडमधून बोललो तर पाचशाला देतोय. काय करू?"