क्रमशः भाऊसाहेब

अंबाजोगाईत कुणाला काही वाचावंसं वाटलं तर त्यानं ते मनातच ठेवावं. भाऊसाहेबांच्या कानावर गेलं की वाचन बंद पडलंच म्हणून समजा. ते पुस्तक हिसकावून घेत नाहीत की लेखकाला नावं ठेवत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि अत्यंत मायेनं विचारतात, "याच्या आधीचं वाचलंय का?"

आणि याच्या आधीचं काहीतरी असतंच.

एकदा त्यांच्यासमोर मी ज्ञानेश्वरी वाचायला घेतोय असं बोलून गेलो. ज्ञानेश्वरी १२९०ची, आणि आपल्या मुकुंदराजांचा विवेकसिंधू ११८८चा. समाधी इथून चालत जाण्याच्या अंतरावर असताना तुम्ही आधी आळंदी गाठणार? मग गावाचे दुसरे मानकरी दासोपंत आले. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा, शिवाय चाळीसेक फूट लांब कापडावर लिहिलेली ती पासोडी. भाऊसाहेबांच्या मते जगातली पहिली 'समग्र आवृत्ती' म्हणजे पासोडीच. एका घडीत सगळं, आणि पान उलटं लागायची भीती नाही. ज्ञानेश्वरी माझी अजून व्हायची आहे.

हा माणूस तलाठी म्हणून लागला आणि तहसीलमधून अव्वल कारकून होऊन निवृत्त झाला. तलाठ्याला आपल्याकडे भाऊसाहेब म्हणतात, तेवढं त्यांना नोकरीनं दिलं. 'क्रमशः' हे मंडी बाजारातल्या पोरांनी लावलं. दोन्ही मिळून आता पोस्टमनसुद्धा तेच नाव हाकारतो.

असे लोक प्रत्येक तालुक्याला एक असतातच. पंगतीत मीठ-लिंबू वाढायच्या आधी वरण आलं तर ते ताटावरून हात मागे घेतात. मालिकेचा एक भाग वीज गेल्यामुळे हुकला तर उरलेल्या पाचशे भागांवर पाणी सोडतात. आमच्या भाऊसाहेबांचं वेगळेपण इतकंच, की त्यांचा क्रम कॉमिक्सचा आहे. घरात लोखंडी ट्रंक आहे, ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्स आहेत, आणि ट्रंकेवर किल्ल्यांच्या जुडग्यासह भाऊसाहेब आहेत.

या दुखण्याचं मूळ एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलमध्ये आहे. टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, मराठीतही आणलं, पण आमच्यापर्यंत ते गाडीच्या टपावरून येई. कुठला अंक परळीला उतरे, कुठला केजला, कुठला पुड्याच्या कागदातून आमच्या हाती पडे. पहिला भाग यावा, त्यातला नायक वेताळ कड्याला लोंबकळावा, खाली 'पुढील अंकात' असं छापलेलं असावं, आणि पुढचा अंक यायचाच नाही. त्याच्यानंतरचा यायचा. त्यात वेताळ घोड्यावर मजेत बसलेला.

आम्हा बाकीच्या पोरांचं यात काही अडलं नाही. मधला भाग आम्हीच घालायचो. गावातली हत्तीखान्याची लेणी ही आमची कवटीची गुहा होती. तिथल्या दगडी हत्तीवर बसून मी स्वतः वेताळाला किमान दहा वेळा वाचवलंय. एका पोराच्या कथेत तर वेताळ योगेश्वरीच्या जत्रेत रेवड्या खात होता आणि चाच्यांची टोळी पाळण्यात अडकली होती. वेताळाच्या जनकाला, ली फॉकला, हे सुचलं नसतं. फक्त एक पोरगं ओसरीच्या कोपऱ्यात बसून विचारायचं, "पण खरं काय झालं?" तेच पुढं तलाठी झालं.

नोकरी लागल्यावर भाऊसाहेबांनी कॉमिक्सचं दप्तर शास्त्रोक्त उभं केलं. इंग्रजी मालिकेच्या क्रमांकाला मूळ धरायचं आणि मराठी अंक हाती येईल तसा फेरफार घालून त्यावर चढवायचा. कुठल्या रद्दीवाल्याकडून किती वजनात आला, मुखपृष्ठ आहे की नाही, शब्दकोडं कुणी पेन्सिलीनं सोडवलंय का, सगळ्या रकान्यांत नोंदी. ४४३व्या अंकानंतर छापणाऱ्यांनी क्रमांकांची पद्धतच बदलली आणि ४४४ ऐवजी 'खंड २०, अंक १' सुरू केलं, तेव्हा इतर संग्राहक चक्रावले. भाऊसाहेब हसले. सर्व्हे नंबरचे गट नंबर होताना ज्यानं अख्खी गावं सांभाळली, त्याला हे काय जड? त्यांनी जुना-नवा क्रमांक दाखवणारा तक्ता करून भिंतीला लावला, कॅलेंडरच्या वर.

वेताळावर मात्र त्यांचं खरं प्रेम आहे, आणि ते महसुली स्वरूपाचं आहे. १५३६ साली पहिल्या वेताळानं कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि आज एकविसावा गादीवर आहे. "एकवीस पिढ्या," भाऊसाहेब सद्गदित होऊन सांगतात, "बापामागं पोरगा, बापामागं पोरगा. एकाही वारसनोंदीवर हरकत नाही. एकाही बहिणीनं वाटणी मागितली नाही. गुहेचा पोटहिस्सा पडला नाही. आपल्याकडं दोन एकरासाठी प्रकरण अपिलात जातंय, आणि वेताळाच्या डेंकालीत बघा!"

आता त्या ट्रंकेतल्या खऱ्या शोकांतिकेकडे येतो. भाऊसाहेब एकपासून क्रमानं वाचत निघाले आणि १२२ वर थांबले, कारण १२३ आणि १२४ मिळेनात. रीतसर शोध सुरू झाला. बीडला धोंडीपुऱ्यातल्या रद्द्या झाल्या, हैदराबादचा रविवारचा पुस्तक बाजार झाला, पुण्यात लक्ष्मी रोडला मुलीच्या शालूसाठी नेलेला अर्धा दिवस अप्पा बळवंत चौकात गेला. प्रत्येक ठिकाणी १२२ मिळे, १२५ मिळे. १२५च्या तर त्यांच्याकडं तीन प्रती झाल्या. उघडली एकही नाही. ट्रंकेत पुढचे शेकडो अंक होते, बहादूरचे होते, मांड्रेकचे होते, फ्लॅश गॉर्डनचे होते. सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसह, आपला नंबर लागण्याची वाट बघत.

ही सगळी पुस्तकं वाचली काकूंनी. काकूंना क्रम नाही. दुपारी कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत हात घालून येईल तो अंक काढायचा, पान उघडेल तिथून सुरू करायचं, शिट्टी झाली की मिटायचं. पुढं काय झालं हे त्या कुकर उतरवताना स्वतःच ठरवतात, आणि दुसऱ्या दिवशी दुसराच अंक हाती आला तरी त्यांचं काही बिघडत नाही. वेताळ-डायनाचं लग्न आधी आणि ओळख नंतर वाचली तरी त्यांना वावगं वाटलं नाही. "होतं की असं पण," म्हणाल्या.

तर २०१९ च्या एप्रिलात 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' लागला. आमच्या शेजारचं पोरगं तेव्हा लातूरला क्लासला होतं. फिजिक्सचा एक पेपर बुडवून सिनेमा बघून आलं आणि थेट भाऊसाहेबांच्या ओसरीवर. "भाऊसाहेब, मला कॉमिक्स वाचायचेत. कुठून सुरू करू?"

असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यांनी पाणी मागवलं.

"अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला अंक सप्टेंबर १९६३ चा," ते म्हणाले. "तो उघडायचा नाही."

"काहून?"

"सामायिक खातं आहे ते. आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प, पाच खातेदार. प्रत्येकाचा मूळ उतारा बघितल्याबिगर सही करायची का? थॉरचा उतारा 'जर्नी इन्टू मिस्टरी'च्या ८३व्या अंकात, ऑगस्ट १९६२. आयर्न मॅनचा 'टेल्स ऑफ सस्पेन्स'च्या ३९व्यात, मार्च १९६३."

"मग ८३ पासून सुरू करू?"

भाऊसाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं नुसत्या झेरॉक्सवर नोंद मागणाऱ्या माणसाकडं बघावं. "आणि पहिले ८२?"

त्या ८२ अंकांत थॉर कुठंच नाही, हे पोरगं मोबाइलवर बघून सांगत होतं. ते ग्राह्य धरलं गेलं नाही.

यादीचं काम सुरू झालं. त्यात हल्क दुसऱ्याच अंकात संघ सोडून जातो, म्हणजे हक्कसोडपत्र आलं. चौथ्या अंकात कॅप्टन अमेरिका बर्फातून निघतो, पण त्याचं मूळ १९४१ मध्ये, म्हणजे मागची सगळी थकबाकी. त्या चौथ्या अंकावर मार्च १९६४ छापलंय, इंद्रजालचा पहिला अंकही त्याच महिन्यातला; हा योगायोग समासात लाल शाईनं आला. अँट-मॅन पुढं जायंट-मॅन होतो, मग गोलायथ, मग यलोजॅकेट. "एका खातेदाराची चार नावं! 'उर्फ' लावून आधी दुरुस्तीचा अर्ज घ्या म्हणावं याच्याकडून."

एक दिवस मात्र मी गेलो तर भाऊसाहेबांचे डोळे ओले. हातात कॅल्क्युलेटर. अ‍ॅव्हेंजर्सची मूळ मालिका १९९६ मध्ये ४०२व्या अंकावर बंद केली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले. त्या फेरीत १३ अंक निघाले. १९९८ मध्ये परत एकपासून, त्यात ८४. आणि २००४ मध्ये एकदम ५०० क्रमांक छापला. कुणालाही वाटेल, वाढदिवस साजरा करायला आकडा ओढून आणला. भाऊसाहेबांनी बेरीज केली. ४०२, १३ आणि ८४. ४९९. "जुळतो!" ते म्हणाले. "सातासमुद्रापल्याड बसून माणसांनी हिशोब जुळवलाय. आपल्याकडं एका गावचा आकारबंद आणि सात-बारा जुळत नाही." मला त्या दिवशी चहाबरोबर शंकरपाळेही मिळाले.

हिंजवडीच्या पुतण्यानं कौतुकानं अ‍ॅव्हेंजर्सचा जाडजूड संग्रह पाठवला, तोसुद्धा घोटाळा करून. पहिल्या खंडात १ ते ३० अंक आहेत. यानं पाठवला दुसरा. भाऊसाहेबांनी त्याचं वेष्टनही फाडलं नाही. काकूंनी तो ताब्यात घेतला. काठपदराच्या साड्यांवर ठेवला की घडी इस्त्रीसारखी बसते, असा त्यांचा अनुभव आहे. अमेरिकन प्रकाशकाला हे कळवायला हवं. या आवृत्त्यांचा कागद खरोखर उत्तम असतो.

पोरानं मधे एक सोपी वाट सुचवून पाहिली. म्हणालं, वेताळ, मांड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन एकत्र असलेला एक संघ आहे, 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ', १९८६ चं कार्टून. त्याची मार्व्हलनं १९८७ मध्ये कॉमिक्स काढली, चारच अंक. चार अंक एका दुपारी होतात. भाऊसाहेबांनी चारांच्या मागं फ्लॅश गॉर्डन आणि मांड्रेक १९३४ पासून, वेताळ १९३६ पासून, अशी पन्नासेक वर्षांची पूर्ववाचनाची यादी जोडली. तेवढ्यावर भागलं असतं. पण ती कथा २०१५ मध्ये घडते आणि त्यातला वेताळ सत्ताविसावा आहे, हे त्यांना कळलं. एकविसानंतर थेट सत्तावीस. मधले पाच वारस गायब! तीन दिवस भाऊसाहेबांना जेवण गेलं नाही. ज्या खात्याचा ते गावोगाव दाखला देत होते, त्यातच हे निघालं.

(नगर-बीड-परळी रेल्वेवर त्यांची भक्ती का आहे, हे यावरून लक्षात येईल. २६१ किलोमीटरचा हा मार्ग. नगरहून सुरू होऊन २०२२ मध्ये आष्टी, २०२५ मध्ये बीड. एकही स्टेशन वगळून पुढचं आलं नाही. लोक उशिरासाठी शिव्या देतात. भाऊसाहेब म्हणतात, प्रकाशन रखडलं तरी क्रम सोडला नाही. परळीपर्यंत पूर्ण झाल्याशिवाय ते गाडीत बसणार नाहीत.)

पोरगं बारावी झालं, नीट झालं, इथंच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला लागलं आणि आता इंटर्न आहे. त्याची यादी मागच्या महिन्यात तयार झाली. पहिल्या पानावर प्रस्तावना असून ती शेवटी वाचावी अशी सूचना आहे. पोरानं ती आदरानं घेतली. मधल्या वर्षांत त्यानं मिळेल तो अंक मोबाइलवर उलटासुलटा वाचून टाकला होता, हे मात्र त्याच्यात आणि माझ्यातच राहिलं.

त्याच पोरानं परवा बातमी आणली. इंद्रजालचे क्रमांक ८०५ पर्यंत जातात, पण छापलेले अंक ८०३. मधे संप झाला होता. १२३ आणि १२४ निघालेच नाहीत.

ओसरीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. धोंडीपुरा, हैदराबाद, मुलीचा शालू, सगळं आमच्या डोळ्यांपुढून गेलं. मग भाऊसाहेब उठले, दप्तर काढलं, दोन्ही क्रमांकांसमोर 'निरंक' लिहिलं, खाली सही करून तारीख टाकली. चेहऱ्यावर निकाल आपल्या बाजूनं लागल्यासारखं तेज. न छापलेला अंक न वाचणं यात त्यांचा काहीच कसूर नव्हता.

"चला," पोरगं म्हणालं, "आता १२५ घ्या! तीन-तीन आहेत."

"असं कसं?" भाऊसाहेब म्हणाले. "मागचं वाचून जमाना झाला. काय आठवतंय? पुन्हा एकपासून."

त्यांनी ट्रंक उघडली, तळाशी हात घातला, पहिला अंक काढला. वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट. बापाला मारून रामा नावाच्या चोरानं नेलेला पट्टा शोधायला एकविसावा वेताळ निघतो. भाऊसाहेब पायरीवर उजेडात बसले, चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं.

आतून शिट्टी झाली, आणि पाठोपाठ काकूंचा आवाज आला, "मिळतो हो तो पट्टा परत. त्या रामाला पण बघून घेतो शेवटी. जेवायला या."

भाऊसाहेबांनी अंक मिटून पिशवीत घातला. शेवट आधी कळल्यास अंक किती काळ प्रलंबित ठेवावा, याबाबत सध्या त्यांचा विचार चालू आहे.