निराकाराची पावणी

गोव्यातल्या आमच्या पाळी गावाच्या आसपास लिलाव म्हणजे एक तर देवळातली पावणी, नाही तर लोहखनिजाच्या ढिगांचा. त्यामुळे गोमंतकीय कुळातील, दिल्लीत निःसंग राहून २००१ साली निवर्तलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एक शीर्षकहीन चित्र २०१३ साली मुंबईच्या ख्रिस्तीज लिलावात २३.७० कोटींस गेले, हे ऐकताच पावणीच्या नारळावर दहा-दहाने बोली चढवणारे आमचे महाजन एवढेच पुसते झाले की, त्यात चित्र कशाचे? कशाचेच नाही! जर्मन निसर्गचित्रकार फ्रीडरिख निदान धुके, कडा आणि पाठमोरा इसम तरी रोख हवाली करतो. शिल्पकार जाकोमेत्तीचा काडीपैलवान पुतळा, २०१५ साली न्यूयॉर्कात चौदा कोटी डॉलरांहून अधिक घेऊन का होईना, बोट तरी दाखवतो. आमच्याकडील खाणींनी डोंगर खणून तांबड्या पाण्याची जी विस्तीर्ण निसर्गदृश्ये निर्मिली, त्यांवर मात्र कर्त्याची सही कोणी करीत नाही.