टार्गेटला ताप येत नाही
परळी, गंगाखेड, सोनपेठ असा मोटारसायकलवर फिरणारा औषध कंपनीचा एक एमआर तापाने आठ दिवस पडला. एरवी बॅग घेऊन ताटकळतो त्याच बाकावर नंबर लावून बसला. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, त्याही दुसऱ्या कंपनीच्या! साहेबांचा फोन आला, ‘तब्येत जपा. तेवढं टार्गेट बघा.’

१९७६च्या कायद्याने विक्री प्रतिनिधींना आजारपणाची रजा दिली, ती अर्ध्या पगारावर. नोकरीच्या दर अठरा दिवसांमागे किमान एक. म्हणजे आठ दिवस पडायचं तर आधी १४४ दिवस ठणठणीत नोकरी करा. इन्सेंटिव्हला तेवढंही गणित येत नाही: टार्गेट तीस दिवसांचं, माणूस बावीस दिवसांचा.

खरं तर साथ आली की गोळ्यांचा खप वाढतो. अख्खा तालुका फणफणला तर याचा इन्सेंटिव्ह पक्का. फक्त याने त्या तालुक्यात मोडायचं नाही.