ठेवता येईना, रेकॉर्डर वाकडा

डिसेंबर जवळ आला की पुण्यातल्या रसिकांना दोन प्रश्न पडतात. पहिला, ‘सवाईचं तिकीट काढलंत का?’ दुसरा, ‘लाइव्ह मैफलीसाठी रेकॉर्डर कुठला घ्यावा?’ पहिला चारचौघांत मोठ्यानं विचारतात. दुसरा जरा कानाशी येऊन, कारण मोठ्या महोत्सवांच्या मांडवात रेकॉर्डिंगला मनाई असते हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. ‘घरगुती बैठकीसाठी हो,’ असं तो लगेच जोडतो. आपणही मान डोलावतो.

मग चौकशी सुरू होते. २४ बिट की ३२? ९६ किलोहर्ट्‌झ पुरेल की १९२ हवं? पंचमाच्या आणि मध्यमाच्या तंबोऱ्यातला फरक ज्यांना कधी जाणवला नाही, त्यांना ९६ आणि १९२ मधला मात्र जाणवायचा असतो. माणसाच्या कानाची धाव जास्तीत जास्त २० किलोहर्ट्‌झपर्यंत. साठी उलटलेल्या कानाची त्याच्याही बरीच अलीकडे थांबते. सीडीचं ४४.१ त्याला पुरून उरतं. त्यावरचं सगळं वटवाघळांसाठी, आणि वटवाघळं बैठकीची वर्गणी देत नाहीत.

हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं तर तासाला साधारण एक जीबी लागतो. तीच मैफल १९२ वर घेतली तर चार जीबी. जास्तीच्या तीन जीबींत काय असतं? पंख्याचा अत्यंत तपशीलवार आवाज.

बिटांचंही तेच. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. आपल्या दिवाणखान्यात पंखा, फ्रिज आणि खालच्या रिक्षा मिळून ३५-४० डेसिबलची बैठक आधीच मांडून बसलेल्या असतात. त्यांच्या वर गायकाच्या तारसप्तकापर्यंत जो काही पल्ला उरतो, तो १६ बिटात आरामात मावतो. २४ घ्यावेत ते एवढ्यासाठी, की लेव्हल जरा खाली ठेवून निर्धास्त बसता यावं. सर्वांत मोठा आवाजसुद्धा शून्याच्या बाराएक डेसिबल खाली राहील अशी लेव्हल लावली की पुढची तान कितीही भडकली तरी फाटत नाही. मीटर लाल होईपर्यंत चढवायची सवय कॅसेटच्या जमान्यातली. तेव्हा टेपची खरखर झाकायची असायची. डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलेला सूर कायमचा गेला. कुठल्याही सॉफ्टवेअरला तो परत आणता येत नाही.

आता नव्या जमान्याचं ब्रह्मास्त्र: ३२ बिट फ्लोट. झूमचा एफ३ किंवा एच१ एसेन्शियल घ्या, त्यावर गेनचं बटणच नाही. लेव्हल लावायची भानगड संपली. घुमारा असो वा गर्जना, सगळं आत जातं आणि नंतर घरी बसून वर-खाली करता येतं. सोय खरी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. ढोल-ताशा रेकॉर्ड करणाऱ्याला तर ती वरदानच. पण जाहिरात वाचून लोकांचा असा समज होतो की आता काहीच बिघडू शकत नाही. माइकची स्वतःची सोसण्याची मर्यादा असते. ताशाच्या अंगाशी नेऊन धरला तर माइकच फाटतो, आणि फाटलेला आवाज मग ३२ बिटांत अत्यंत प्रामाणिकपणे जपला जातो. शिवाय चौथ्या खांबाआड ठेवलेल्या यंत्राला बिट वाढवून गायक दिसू लागत नाही.

‘एवढं कशाला, फोन आहे की!’ हा दुसरा पक्ष. फोन आहे, आणि तो बोलण्यासाठी आहे. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, तो दाबा, अशी शिकवण फोनच्या बोलणं टिपणाऱ्या व्यवस्थेला दिलेली असते. आता बैठकीत सतत एकसारखं काय चालू असतं? तंबोरा. ज्याच्यावर आपलं अख्खं संगीत उभं, तो फोनच्या लेखी पंखा. घरी येऊन ऐकावं तर बुवा अधांतरी गाताहेत, आणि मागच्या रांगेतल्या काकांची कुजबुज मात्र स्पष्ट, कारण ते बोलत होते. फोनमध्ये वेगळं ॲप टाकून ही छाटणी बंद करता येते. पण ज्याला हे माहीत असतं तो फोन वापरत नाही, आणि जो फोन वापरतो त्याला हे माहीत नसतं.

रेकॉर्डर घेतला तरी हाच शत्रू आत दडून असतो. त्याचं नाव ऑटो लेव्हल. टीव्हीचा रिमोट हाती आलेल्या आगाऊ भाच्यासारखा तो आवाज सतत वर-खाली करत बसतो. विलंबित ख्याल सुरू होतो. गायक खर्जातला षड्ज लावून थांबतो. शांतता. ऑटो लेव्हलला वाटतं, अरे, आवाज कमी झाला. तो हळूहळू गेन चढवतो. तंबोरा फुगतो, पंखा फुगतो, कुणाच्या तरी सुपारीच्या डबीचं झाकण तोफेसारखं वाजतं. तेवढ्यात समेवर तबलजींचा ‘धा’ पडतो आणि भाचा दचकून सगळंच खाली ओढतो. समेवरचा सूर त्या ‘धा’खाली चिरडला जातो. पुढच्या आवर्तनात पुन्हा तेच. ज्या गायकानं बारीक आवाजापासून मोठ्या आवाजापर्यंतचा चढ तासभर जपून बांधला, त्याची सगळी मेहनत सपाट होऊन हाती येते. रेकॉर्डर विकत घेतल्यावर पहिलं काम एकच: हा पर्याय शोधा आणि बंद करा. बोलण्यासाठीचा आवाज-शुद्धीकरणाचा पर्याय दिसला तर तोही.

माइकची निवड हा खरा विचार करण्याचा भाग, म्हणून तो कुणी करत नाही. टास्कॅमच्या डीआर-०५एक्सचे माइक चहूकडचं ऐकणारे आहेत. झूमच्या एच१ एसेन्शियलचे काटकोनात एकमेकांवरून गेलेले, मुख्यतः समोरचं ऐकणारे. टास्कॅमच्याच डीआर-०७एक्सचे आत-बाहेर वळवता येतात. कुठला चांगला? खोली कशी आहे ते सांगा. शांत वाडा, जुनी जाड भिंत, पंचवीस शहाणे श्रोते असतील तर चहूकडचे माइक गायकाच्या जवळ ठेवा. खर्ज जसा भरदार असतो तसा येतो. स्वयंपाकघराचं दार उघडं असेल आणि आत मसालेभातासाठी कुकर लावला असेल, तर समोरचं ऐकणारे घ्या आणि पाठ कुकरकडे करा. तरीही तिसरी शिट्टी येईलच. ती नेमकी अंतऱ्याला येते, हा निसर्गनियम आहे.

आणि जागा. साडेचार हजार शब्दांचं मॅन्युअल वाचणारे गृहस्थ रेकॉर्डर ठेवतात कुठे? सतरंजीवर. तबल्याशेजारी. तोही पालथा घातलेल्या स्टीलच्या वाटीवर, ‘जरा उंची मिळावी म्हणून’. सतरंजीखालची फरशी मांडी बदलणाऱ्या प्रत्येकाची वार्ता यंत्रापर्यंत पोचवते. तबला इतका जवळ, की गायक साथीला बसल्यासारखा वाटतो. बिनमाइकच्या बैठकीत गायकासमोर सहा-आठ फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, छोट्या स्टँडवर यंत्र ठेवा. बहुतेक सगळ्या रेकॉर्डरच्या पोटाला कॅमेऱ्यासारखाच स्क्रूचा आटा असतो. तो शोभेला दिलेला नाही. मग ‘ऐकून’ जागा ठरवा: पेटी जड वाटली तर थोडं सरका, तबला जड वाटला तर दुसरीकडे. हेडफोन लावून पाच मिनिटं घालवा. ती पाच मिनिटं बाजारातल्या कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त काम करतात. पण हेडफोन लावून बसलं तर लोक काय म्हणतील, म्हणून ती कुणी घालवत नाही.

सभागृहात हे गणित बदलतं. तिथे आवाज येतो स्पीकरमधून, तोही बहुधा एकसुरी मोनो. तेव्हा स्टिरिओची हौस आवरा आणि साउंडवाल्याच्या टेबलाजवळची जागा धरा, कारण तो तिथे बसून ऐकतो आणि तिथल्या कानानंच आवाज लावतो. काही हुशार मंडळी थेट मिक्सरमधून वायर घेतात. छान कल्पना. फक्त मिक्सरचा दणकट लाइन सिग्नल रेकॉर्डरच्या नाजूक माइकच्या भोकात खुपसू नका. तो लाइनसाठीच्या जागी जातो. आणि मिक्सरमध्ये तेवढंच असतं जेवढं माइकमधून गेलं. लहान सभागृहात तबला माइकशिवायच पोचतो म्हणून साउंडवाल्यानं तो बारीक ठेवलेला असतो. घरी ऐकाल तर बुवा तबलजीवर रुसल्यासारखे एकटेच गाताहेत. श्रोत्यांची दादही गायब. झूमच्या एच४ एसेन्शियलसारख्या किंवा टास्कॅमच्या डीआर-४०एक्ससारख्या चार ट्रॅकच्या यंत्रात मिक्सरची वायर आणि यंत्राचे स्वतःचे माइक, दोन्ही एकदम घेता येतात आणि घरी मिसळता येतात. ‘घरी मिसळीन’ म्हणणाऱ्यांपैकी घरी कोण मिसळतं, हा संशोधनाचा विषय आहे.

सेल आणि कार्ड यांच्याबद्दल कुणी विचारतच नाही. मैफल संपते ती भैरवीनं. रेकॉर्डर संपतो तो भैरवीच्या आधी, सेल संपून. नवे सेल, रिकामं केलेलं कार्ड, आणि खुल्या अंगणात माइकवर फोमची टोपी: ही तीन कामं करणारा माणूस कुठल्याही रेकॉर्डरवर चांगलं काम करतो.

आता परवानगी. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क देतो. स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला त्यात सूट आहे. ‘खासगी’मध्ये ‘सुस्वर सकाळ’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप येत नाही. आयोजकानं तिकिटावर मनाई छापली असेल तर ती अट वेगळी आणि तीही पाळायची. कायदा सोडा, साधं विचारायला काय जातं? गायकाचा घसा त्या दिवशी बसलेला असू शकतो. तुम्ही ते टिपून वाटलंत की त्याचा तो एक दिवस पुढची वीस वर्षं गात राहतो. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती कडक होत्या, याच्या कथा अजून सांगितल्या जातात. ज्या १९७७ साली त्या गेल्या, त्याच साली त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात निघाली. सूर्यमालेपलीकडे पोचायला लपवलेला रेकॉर्डर लागला नाही.

याचा अर्थ रेकॉर्ड करूच नये असा मुळीच नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते. ध्वनिमुद्रण देशात येऊन चार दशकं उलटली होती, तरी त्यांचा एक सूर आपल्याजवळ नाही. भास्करबुवा बखले कसे गायचे हे आपण फक्त वाचतो. उलट तीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारं कितीतरी गाणं आज आपल्याला ऐकायला मिळतं, ते हौशी माणसांनी अवजड टेपरेकॉर्डर खांद्यावरून बैठकीला वाहून नेले म्हणून. त्यांच्याकडे किलोहर्ट्‌झ कमी होते आणि चिकाटी जास्त.

दुर्दैवानं त्या हौशींचा एक वंशज पुण्यात टिकून आहे: संग्राहक. त्याच्याकडे अमक्या बुवांचा दुर्मीळ मारवा ‘आहे’. ऐकवत नाही. विचारलं तर ‘हार्ड डिस्कवर आहे कुठेतरी’ म्हणतो, आणि ते मात्र खरं असतं, कारण त्याच्या डिस्कवर ‘टास्कॅम_०००१’पासून ‘टास्कॅम_०८४०’पर्यंत फाइली आहेत. सेल काढून ठेवले की यंत्राचं घड्याळ विसरतं, म्हणून त्यातल्या निम्म्या मैफली १ जानेवारीला झालेल्या आहेत. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं गाणं संपवून स्वतःचं नाव भोंग्यात सांगितलं, म्हणजे परदेशी तबकडी बनवणाऱ्याला ती कुणाची हे कळावं. सव्वाशे वर्षांनी आपल्याकडे ३२ बिट आहेत आणि गाणारा कोण ते ठाऊक नाही. रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी तोंडानं सांगा: कोण, कुठे, कधी, साथीला कोण. दहा सेकंद लागतात. फुकट असतात.

तेव्हा निकाल असा. दोन माइकचा, ऑटो लेव्हल बंद करता येणारा, सेलवर चालणारा साधा रेकॉर्डर घ्या. मिक्सरवाल्याशी ओळख असेल तरच चार ट्रॅकचा. वाचलेल्या पैशांत स्टँड, फोमची टोपी आणि जास्तीचे सेल. गायकाला आधी विचारा, पुढच्या रांगेत जागा धरा, आणि जे टिपलं ते महिन्याच्या आत एकदा अथपासून इतिपर्यंत ऐका. ऐकणार नसाल तर रेकॉर्डर घेऊच नका. त्या पैशात वर्षभराची तिकिटं येतील, आणि कलाकाराला चार पैसे मिळतील.