मेट्रोची स्टेपनी

परवा मेव्हण्यांबरोबर फ्लॅट बघायला गेलो होतो. फ्लॅट त्यांना घ्यायचा होता, मी चहापुरता. सॅम्पल फ्लॅट झाला, बाल्कनीतून दिसणारी (आणि पुढचा टॉवर उठला की न दिसणारी) गोदावरी झाली, मग विक्रीवाला पोरगा आम्हाला भिंतीवरच्या नकाशापाशी घेऊन गेला. गंगापूर रोडवरून एक निळी रेघ निघून थेट नाशिक रोडला भिडली होती आणि रेघेवर बोटाएवढी आगगाडी काढलेली होती.

"सर, मेट्रो स्टेशन. फक्त तीन मिनिटं."

मेव्हण्यांनी मान डोलावली. खांब नाही, जिना नाही, पण मिनिटं मोजून झाली होती, याचं मलाही कौतुक वाटलं. शंका होती ती चाकांची.

"ही रबरी टायरवाली ना रे?"

"हो काका." फ्लॅट घेणारा तो सर, बरोबर आलेला तो काका. "रूळच नाहीत. लेटेस्ट आहे एकदम."

"मग स्टेपनी कुठे असते?"

पोरगा नकाशाकडे बघत राहिला. चित्रातल्या आगगाडीला स्टेपनी नव्हती. "काका," तो अखेर म्हणाला, "वरती विचारून सांगतो."

त्या दिवसापासून मी फोनजवळ बसून आहे.

हसू नका. रूळ म्हणजे लोखंडावर लोखंड. त्यात पंक्चरला जागा नाही. पण टायर आला की खिळा आला. या दोघांच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात आणि आमची मेट्रो तर दोन मजले स्वर्गाच्याच दिशेने सरकून धावायची आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोपुढे २,०९२ कोटी हा आकडा वाचला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले. तेव्हा कुणी स्टेपनीचं विचारलं नाही, मीही नाही. तोंडात पेढा होता.

कागदावर ही मेट्रो अशी: साधारण ३३ किलोमीटर, खांबांवर उचललेला रस्ता, डोक्यावर विजेची तार, तारेला दांडी लावून टायरांवर पळणारी लांबलचक जोडगाडी, आणि सगळं नेहमीच्या मेट्रोच्या साधारण चौथाई खर्चात. टायर, स्टिअरिंग, ड्रायव्हर, तार, दांडी. या वस्तूला 'ट्रॉलीबस' म्हणतात. मुंबईत ती १९६२ ला सुरू झाली आणि १९७१ ला बंद पडली. आमच्याकडे ती 'निओ' होऊन येणार आहे. निओ म्हणजे नवी. किती नवी? बर्लिनजवळ पहिली तारेवरची गाडी चालवून दाखवली गेली १८८२ साली. आमच्या नाशकात मेन रोडपासून नाशिक रोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली १८८९ साली. म्हणजे हिशेब केला तर घोड्याची ट्राम ही निओपेक्षा सात वर्षांनी नवी आहे. त्या ट्रामला चार घोडे जुंपत. एक लंगडला तर तीन असत. तिची स्टेपनी पुढेच पळत होती, आणि तीही चारा खाऊन.

स्टेपनी हा शब्दच मुळात एका गल्लीचा. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादाचं चाक बनवून विकायला काढलं, कारण तोवरच्या मोटारी असलं काही बरोबर न घेताच घराबाहेर पडत. गल्लीचं नाव चाकाला चिकटलं आणि चाक निफाडपर्यंत आलं. हे मी अशासाठी सांगतोय की एकदा का 'मेट्रोसाठी स्टेपनी' हा विषय कुणाच्या तरी टेबलावर पोचला, की लानेलीचा अभ्यासदौरा अटळ आहे. बारा जण जातील. त्यांतल्या दोघांनी आयुष्यात कधी चाक बदललेलं नसेल आणि उरलेल्या दहांनी ते ड्रायव्हरकडून बदलून घेतलेलं असेल. स्टेपनी स्ट्रीटच्या पाटीखाली रांगेत उभं राहून फोटो निघेल. त्या फोटोचं फ्लेक्स आमच्या द्वारका चौकात लागेल. परत आल्यावर सल्लागार नेमला जाईल, सल्लागार उपसल्लागार नेमेल, आणि दीड वर्षाने जाडजूड अहवाल येईल की टायरला पंक्चर होऊ शकतं. त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील. एकच हरकत येईल, ती माझी, आणि ती मुदतीनंतर पोचल्यामुळे विचारात घेतली जाणार नाही. मग स्टेपनी गाडीच्या खाली लावायची की टपावर, यावरून दोन तट पडतील. टपावर विजेची तार आहे, त्यामुळे टपवाल्यांचा तट लवकर विरळ होईल. शेवटी तोडगा निघेल की स्टेपनी स्टेशनवर ठेवावी, दर स्टेशनला एक, काचेच्या पेटीत, उद्‌घाटनाच्या फितीसकट. आणि पंक्चर होईल ते अर्थातच दोन स्टेशनांच्या मधोमध, सारडा सर्कल आणि द्वारका यांच्यामध्ये, संध्याकाळी सव्वासहाला. खाली द्वारकेला गाड्या तुंबलेल्या, वर मेट्रो तुंबलेली; नाशकात प्रथमच दोन मजली ट्रॅफिक जाम. खालचे वरच्यांकडे बघतील, वरचे खालच्यांकडे, आणि दोघांनाही आपण जरा बरे वाटू. पाऊण तासाने खांबाला शिडी लावून पंक्चरवाला वर चढेल, खांद्यावर जॅक, कमरेला पाना. त्याच्यामागून चहावाला चढेल, कारण जिथे चार माणसं थांबली तिथे चहा हा या शहराचा धर्म आहे. चहामागून वडापाव. महिनाभरात वर टपरी. वर्षभरात टपरीला हप्ता. त्यानंतर तिथे अधिकृत थांबाच करावा लागेल, नाव 'पंक्चर पॉइंट', आणि विक्रीवाल्या पोराच्या नकाशात आणखी एक तीन मिनिटं वाढतील.

पॅरिसवाल्यांचं उदाहरण मला तोंडावर फेकू नका. तेही टायरवर मेट्रो चालवतात, १९५६ पासून. पण मी तिथली स्टेपनी शोधून काढली आहे. त्यांच्या टायरमागे लोखंडी चाक असतं आणि त्या चाकाखाली चक्क रूळ असतो. टायर बसला की गाडी लोखंडावर उतरते आणि पुढे जाते. म्हणजे टायरवाल्या मेट्रोची स्टेपनी कोण? तर साधी, जुनी, लोखंडी आगगाडी. आमच्या निओत रूळच नाहीत, त्यामुळे टायर बसला की आपण सगळ्यांनीच खाली बसायचं.

इथवर मी गंमत करत होतो. आता करत नाही.

ही गाडी वाईट आहे असं माझं म्हणणंच नाही. तारेवर चालणारी लांब बस ही शहाण्या माणसांची वस्तू आहे; धूर नाही, आवाज नाही, एका खेपेत दोनशे-अडीचशे माणसं. माझं दुखणं वेगळं आहे. ती बस आहे, हे म्हणायची आम्हाला लाज वाटते. बस ही कामवाल्या मावशींची, कॉलेजच्या पोरांची, पेन्शनरांची, मेट्रो आपली. म्हणून बसला आधी खांबावर चढवायचं, मग तिचं नाव बदलायचं, आणि मग पेढे वाटायचे. साधं गणित करा. विजेवरची चांगली बस दोन कोटींना धरली तरी २,०९२ कोटींत हजारावर बस येतात. हजार बस नाशकात आल्या तर धावणं सोडा, नुसत्या उभ्या करायला जागा पुरणार नाही, कारण जिथे बसने जायचं तिथे तुमची माझी गाडी उभी आहे. खरी मेख इथे आहे. बसला जमिनीवर एक पट्टा मोकळा करून द्यायचा तर रंगाचा डबा आणि थोडी हिंमत पुरते. रंग बाजारात मिळतो. पुण्यात २००६ साली बससाठी वेगळा पट्टा काढून पाहिला, तर त्यात दुचाकीपासून टेम्पोपर्यंत सगळे शिरले आणि वर बसच आड येते म्हणून हॉर्न वाजवू लागले. तेव्हा आपण ठरवलं: जमीन आमच्या गाड्यांची, आकाश बसचं. आणि आकाशात जायला किलोमीटरमागे साठ कोटींहून अधिक लागतात.

माझ्या घराजवळ एक बसथांबा आहे. आहे म्हणजे छप्पर आहे. खालचा बाक गेला, त्याचे दोन लोखंडी खुंट उरलेत. ते अंधारात बरोबर नडगीला सापडतात. छपराला कुणा भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्स बांधलेलं असतं. भाऊंचा वाढदिवस वर्षातून चारदा येत असावा. फ्लेक्समुळे येणारी बस दिसत नाही आणि थांब्यापुढे लावलेल्या चार मोटारींमुळे ती कडेला येत नाही. ती भर रस्त्यात थांबते, तीही अर्धवट, पाय उचलल्यासारखी. मग सत्तरीची बाई, एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात निऱ्या, दोन मोटारींच्या फटीतून धावत सुटते आणि मागचा मोटारवाला काच खाली करून तिच्यावर ओरडतो, "मरायचंय का?" तो मोटारवाला मेट्रो यावी म्हणून तळमळतोय, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. मेट्रो आली की रस्ता मोकळा होईल, असं तो म्हणतो. म्हणजे बाकीचे वर जातील. मी त्याला ओळखतो. तो आमच्याच इमारतीत राहतो आणि त्या चार मोटारींपैकी एक त्याची आहे. दुसरी, कबूल करतो, माझी.

घोड्यांच्या ट्रामकडे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा वळतो. ती काही फार थोर नव्हती. दुष्काळ आणि प्लेगने तिचं कंबरडं मोडलं, १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत ती बंद पडली. तिच्या बांधणीत सल्ला देणारे इंजिनिअर कॅलथ्रॉप पुढे बार्शीला गेले आणि अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभी करून मोकळे झाले. पण एक गोष्ट खरी: तेव्हा लोकांना स्टेशनपासून गावात यायचं होतं, म्हणून कुणीतरी रूळ टाकले, घोडे आणले आणि गाडी सुरू केली. तिला निओ म्हटलं नाही. ती गाडी यायची, लोक बसायचे, गाडी जायची. एवढ्या साध्या गोष्टीला आम्ही आता दंतकथा म्हणतो.

काल फोन आला. पोरगाच होता.

"काका, सर फोन उचलत नाहीयेत. रविवारी परत साइट बघायला येताय ना दोघं?"

"स्टेपनीचं विचारलंस का वरती?"

"विचारलं काका. वरचे म्हणाले, आधी बुकिंग घे." जरा थांबून तो म्हणाला, "आणि काका, येताना बसची वाट बघत बसू नका, इकडे बसचं काही खरं नसतं. मी बाइकवर घ्यायला येतो. मागची सीट रिकामीच असते."